हूं म्हणणारं कुणीतरी

या महिन्यातल्या पत्रांतून सहा निवडली आहेत. बहुतेकांत मोबाइल किंवा टीव्ही आहे, म्हणून आधी वाटलं होतं की सगळ्यांना मिळून एकच उत्तर लिहावं. पण पत्रं दुसऱ्यांदा वाचताना कळलं की दुखणं प्रत्येक घरात वेगळ्या ठिकाणी आहे. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न: माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. मोबाइल लावल्याशिवाय घास गिळत नाही. 'रेड', 'येलो', 'वन टू थ्री' सगळं येतं, कार्टूनमधली हिंदी वाक्यं जशीच्या तशी म्हणतो. पण तहान लागली की माझा हात ओढत माठाकडे नेतो, 'पाणी दे' म्हणत नाही. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात. मिस्टर म्हणतात, इंग्रजी शिकतोय ना, चांगलंच आहे. मला भीती वाटते.
– एक आई, वाळवा तालुका

उत्तर: ताई, तुमची भीती दुसऱ्या कुणाला उडवून लावू देऊ नका. मोबाइलचं नंतर बघू, आधी बाळाचे कान तपासून घ्या. अडीच वर्षांचं मूल दोन शब्द जोडून स्वतःचं मागणं मागत नसेल, तर सुरुवात ऐकण्याच्या तपासणीपासून करायची असते. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, पण त्याची वाट बघू नका. सेविकेशी बोला, बालरोगतज्ज्ञांकडे जा. मिरज तुम्हाला लांब नाही. तिथे 'हात ओढत माठाकडे नेतो' हे वाक्य जसंच्या तसं सांगा, डॉक्टरांना त्यातून पुष्कळ कळेल. माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगा आला होता. घरच्यांनी 'मुलगे उशिरा बोलतात' म्हणत तीन वर्षं काढली होती. त्याला ऐकू कमी येत होतं. ती तीन वर्षं त्याला कुणी परत दिली नाहीत.

कान ठीक निघाले तर पुढचं वाचा.

२००३ साली अमेरिकेत सिअॅटलला पॅट्रिशिया कूल या संशोधिकेनं इंग्रजी घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काही बाळांशी चिनी मँडरिन बोलणारी माणसं समोर बसून खेळली, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली. सुमारे २५ मिनिटांच्या १२ बैठका झाल्या. दुसऱ्या गटाला त्याच भाषेतलं तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. ज्यांच्याशी माणसं खेळली, त्या बाळांना त्या परक्या भाषेतला बारीक ध्वनिभेद ओळखू यायला लागला. पडद्यासमोरच्या बाळांच्या पदरात काही पडलं नाही. आवाज तेच होते, शब्द तेच होते. हा भाग मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवा. तुमचा मुलगा इंग्रजी बोलत नाहीये, तो ऐकलेला आवाज परत काढतोय. 'येलो' म्हणणं वेगळं आणि पिवळा चेंडू पलंगाखाली गेल्यावर 'चेंडू दे' म्हणणं वेगळं.

मग पडदाच वाईट का? तसंही नाही. २०१४ साली दुसऱ्या एका अभ्यासात २४ ते ३० महिन्यांच्या मुलांना नवे शब्द तीन तऱ्हांनी शिकवले: समोर बसून, व्हिडिओ कॉलवर, आणि दुसऱ्याच मुलाबरोबर झालेल्या कॉलचं रेकॉर्डिंग दाखवून. पहिल्या दोन तऱ्हांनी मुलं शिकली, तिसरीनं नाही. कॉल आणि रेकॉर्डिंग, पडदा दोन्हीकडे होता. कॉलवरची बाई मुलाकडे बघून बोलत होती, त्यानं काही केलं की थांबत होती. रेकॉर्डिंगमधली बाई त्याच्यासाठी थांबत नव्हती. त्यामुळे बाळाची आत्या पुण्याहून कॉल करत असेल तर तो जरूर चालू ठेवा.

आपल्याकडे गोष्ट सांगणारी आजी मध्येच थांबायची आणि हुंकाराची वाट बघायची. कुणी 'हूं' म्हटलं तरच गोष्ट पुढे जायची. मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं आणि आता दर मंगळवारी सांगलीत आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत गोष्ट सांगायला जाते. २०२२ च्या पावसाळ्यात, लॉकडाऊननंतर पहिल्यांदा आलेल्या मुलांपुढे मी गोष्ट सांगत होते. लांडगा कोकराच्या दारात आला, तिथे मी थांबले. पूर्वीची मुलं अशा ठिकाणी 'मग?' म्हणून अंगावर यायची. ही मुलं गप्प बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ती वाट बघत होती, गोष्ट आपोआप पुढे सरकेल म्हणून. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण 'मग?' म्हटलं तर समोरचं माणूस पुढे बोलतं, ही गोष्ट त्या लेकरांना कुणी दाखवलीच नव्हती.

आता काय करायचं ते सांगते. मोबाइल सकाळच्या जेवणातून काढा, रात्री घरात सगळे दमलेले असतात आणि हार लवकर मानली जाते. तीन-चार दिवस रडारड होईल. खाली बसवा, ताटलीत मऊ भात द्या, हातानं चिवडू द्या, सांडू द्या. आठवडाभर घास मोजू नका. वजन घटतंय असं वाटलं तर डॉक्टरांना विचारा. सासूबाईंना या कामात घ्या. त्यांना 'करंगळी-मरंगळी' नक्की येत असेल, त्यातलं 'भाताचं बोळकं' आलं की घास तोंडाजवळ न्यायचा. आणि त्यानं माठाकडे हात ओढला की मुकाट्यानं पाणी देऊ नका, पण अडवूनही धरू नका. खाली बसून त्याच्या डोळ्यांत बघा, 'पाणी? पाणी हवं?' म्हणा आणि मनात पाच आकडे मोजा. नुसतं 'पा' आलं तरी लगेच पेला द्या. पाच आकड्यांची ती जागा त्याची आहे, ती आपण भरायची नाही.

पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांपासून पुढे दिवसाला फार तर एक तास पडदा, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. तो तासही कुणीतरी शेजारी बसून, मध्ये मध्ये बोलत घालवावा असं माझं मत आहे.

प्रश्न: मुलगा यंदा बारावी सायन्सला. यूट्यूबवर दिवसाला सहा-सहा तास लेक्चर बघतो, तेही दुप्पट वेगानं. विचारलं तर म्हणतो, सगळं समजलंय. चाचणीत शंभरात बत्तीस. मोबाइल काढून घेऊ का?
– द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर: भाऊ, काढून घेऊ नका. पोरगा आळशी नाही आणि खोटंही बोलत नाही. त्याला खरोखर समजल्यासारखं वाटतंय. फसगत तिथेच आहे.

तुम्ही बागायतदारांच्या गटावर छाटणीचे व्हिडिओ बघत असालच. बघताना सगळं पटतं. पण ऑक्टोबरात कात्री घेऊन स्वतःच्या वेलीसमोर उभं राहिलं की प्रश्न पडतोच, या काडीवर किती डोळे राखायचे? व्हिडिओतली काडी दुसऱ्याच्या बागेतली होती. तुमचा मुलगा गेले काही महिने दुसऱ्याची छाटणी बघतोय, त्याच्या हातात कात्री अजून आलेलीच नाही.

अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये केलेला एक प्रयोग मला दहावीच्या पालक सभेत नेहमी सांगावासा वाटायचा. विद्यार्थ्यांच्या एका गटानं एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटानं एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा, उतारा न बघता, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चारदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आणि एकदाच वाचून तीनदा लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा होता. तुमचा मुलगा 'समजलंय' म्हणतो तो हाच भरवसा. चांगला शिकवणारा असला की तो जास्तच वाढतो, कारण शिकवणारा अडत नाही आणि तो अडत नाही म्हणून आपणही अडलो नाही असं वाटतं.

त्याला सांगा, लेक्चर साध्या वेगानं लाव आणि बारा-पंधरा मिनिटांनी थांबव. मोबाइल पालथा घाल. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, एक गणित सोडव, अडलास की मगच परत लाव. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी कालचा कागद न बघता पुन्हा लिही. दिवसाला सहा तासांच्या जागी दोनच तास लेक्चर होईल, तेवढं पुरे. पहिले पंधरा दिवस त्याला वाटेल की आपल्याला काहीच येत नाही. त्या दिवसांत त्याला बोलू नका.

एक काम तुमचं आहे. रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं त्याच्यासमोर बसा आणि म्हणा, आज काय शिकलास ते मला सांग. तुम्हाला भौतिकशास्त्र येण्याची गरज नाही. कळलं नाही तिथे 'हे मला कळलं नाही' म्हणा. लेक्चरवाल्या सरांना तुमचा मुलगा दिसत नाही; तो कुठे गडबडला हे त्यांना कळण्याची सोय नाही. तुम्हाला त्याचा चेहरा दिसतो.

प्रश्न: मोहित्यांच्या वडगावचं वाचून आमच्या बचत गटानं ग्रामसभेत ठराव करून घेतला, संध्याकाळी सात ते साडेआठ टीव्ही-मोबाइल बंद. भोंगाही बसवला. दोन महिने चाललं. मग आयपीएल आली आणि मोडलं. आता भोंगा वाजतो, कुणी लक्ष देत नाही. आम्हाला वाईट वाटतं.
– बचत गटाच्या अध्यक्षा, खानापूर तालुका

उत्तर: इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायला लागला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा वाजला की सुरू. कोरोनानंतर मुलं शाळेत परत आली पण मन मोबाइलमध्येच राहिलं, म्हणून गावानं हे ठरवलं. त्यासाठी आशा ताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक घरोघरी फिरले. देशभर बातम्या झाल्या. बातम्यांत भोंगा तेवढा उरला आणि घरोघरी फिरणारी पावलं गळाली, म्हणून नंतर ज्यांनी ज्यांनी नक्कल केली त्यांनी भोंगा विकत आणला.

अध्यक्षाताई, तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही. पहिला मोबाइल कुणी उघडला? माझा अंदाज आहे, पोरांनी नाही. मुलांना नियम सांगून कळत नाहीत, बघून कळतात. १९६१ साली अल्बर्ट बांडुरा यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या ७२ मुलांवर एक प्रयोग केला. मोठं माणूस एका फुगीर बाहुल्याला बदडताना काही मुलांनी पाहिलं. त्या मुलांना कुणी 'तुम्ही पण मारा' म्हटलं नव्हतं. नंतर बाहुला समोर आल्यावर त्यांनी तो बदडला, अगदी त्याच पद्धतीनं, त्याच शब्दांत. घरातला बाप भोंगा वाजल्यावर मोबाइल घेऊन पडवीत जाऊन बसतो तेव्हा मुलगा हेच शिकतो की भोंगा लहानांसाठी असतो आणि मोठं झालं की पडवीत जायचं असतं.

मोठ्यांना दोष देऊन हे सुटणार नाही, हेही मला कळतं. रील बघताना पुढचं बोट का थांबत नाही? बी. एफ. स्किनर यांनी कबुतरं आणि उंदरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की दर वेळी दाणा मिळाला तर प्राणी पोट भरल्यावर थांबतो, पण दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल तर तो चोच मारतच राहतो. दहा रील टाकाऊ निघतात, अकरावं हसवतं. शिवाय वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं, तमाशाला भैरवी असते. मोबाइलच्या पडद्याला तळ नाही. तो तसा मुद्दाम बांधलेला आहे. अशा वस्तूपुढे एकट्या माणसानं 'मी मनाला आवर घालीन' म्हणणं फार अवघड आहे. सगळ्या गल्लीनं मिळून ठरवलं तर सोपं जातं, कारण शेजाऱ्याकडे चालू नाही म्हटल्यावर आपल्याला काही चुकल्यासारखं वाटत नाही. वडगावच्या कल्पनेत मला हे सगळ्यांत मोलाचं वाटतं.

पलूस तालुक्यातल्या एका गावात, २०२३ मध्ये, मी आणि सहा आयांनी एका गल्लीपुरतं असंच करून पाहिलं होतं. त्यात जे चुकलं ते आधी सांगते. आम्हीही सात वाजताच ठरवलं होतं. सात वाजता त्या गावात डेअरीवर दूध घालायची गर्दी असते, बायका चुलीपाशी असतात, आणि ज्यांच्या मोटारीला रात्रीची थ्री फेज असते ते पुरुष शेताकडे निघायच्या तयारीत असतात. म्हणजे मुलं एकटीच घरात, पुस्तक समोर आणि घरात कुणी नाही. पंधरा दिवसांत कंटाळली. आम्ही वेळ आठ ते पावणेनऊ केली, पाऊण तासच. फोन आला तर घ्यायचा, कामधंदा आहे लोकांना; पडदा मात्र बघायचा नाही. मोबाइल एका टोपलीत, घरातल्या सर्वांत मोठ्या माणसानं पहिला टाकायचा.

दुसरी चूक अशी की आम्ही 'काय करायचं नाही' एवढंच सांगितलं होतं. पाऊण तास रिकामा पडला की माणूस बेचैन होतो. मग एका आजोबांनी पारावर पेपर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ते बातमी अर्धी वाचायचे आणि विचारायचे, 'पुढं काय झालं असंल?' गाडगेबाबांचं कीर्तन असंच चालायचं, बाबा प्रश्न टाकायचे आणि उत्तर समोरच्या माणसांकडून काढून घ्यायचे. आठवीतली पोरं अंदाज सांगायला लागली, भांडायला लागली. उसाच्या दराची बातमी असली की बापेही थांबायचे. हे अकरा महिने चाललं. आजोबा मुलाकडे मुंबईला गेले आणि थांबलं. आम्ही दुसरा वाचणारा आधीच तयार केला नाही, ही तिसरी चूक.

तुमच्यासाठी: भोंगा महिनाभर बंद ठेवा, लोकांचे कान त्याला निर्ढावले आहेत. तेवढ्या महिन्यात तुमच्या गटातल्या बायकांनी घरं वाटून घ्या आणि दारात बसून विचारा, तुमच्याकडे कोणता पाऊण तास सगळे घरात असतात? मग ठरवा. आयपीएलचे रात्रीचे सामने साडेसातला सुरू होतात, तेव्हा त्या दिवसांपुरती वेळ आधी घ्या आणि हे ठरावातच लिहा. सामना बघायला कुणाचा विरोध नाही असं उघड सांगितलं की चोरून बघणं थांबतं. आणि पारावर वाचायला दोन माणसं ठेवा, एक म्हातारं, एक तरुण.

प्रश्न: सून रोज रात्री मालिका बघते आणि आता घरात उलट प्रश्न विचारायला लागली आहे. टीव्हीनं बायका बिघडतात, हे तुम्ही एकदा लिहा.
– एक सासूबाई, सातारा

उत्तर: वहिनी, हे मला लिहिता येणार नाही. मालिकांतली कारस्थानं मलाही आवडत नाहीत. पण रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोघांनी आपल्या देशातल्या काही राज्यांतल्या खेड्यांचा २००१ ते २००३ या काळात अभ्यास केला. ज्या गावांत त्या काळात केबल आली, तिथल्या बायकांमध्ये 'नवऱ्यानं मारलं तर चालतं' असं म्हणणाऱ्या कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरातल्या निर्णयांत त्या जास्त बोलायला लागल्या. केबल न आलेल्या गावांत तसा बदल दिसला नाही. पडद्यावर दुसऱ्या घरांतल्या बायका कशा राहतात हे दिसलं, त्याचा हा परिणाम असावा.

सुनेनं कोणता प्रश्न विचारला ते तुम्ही लिहिलं नाहीत. पुढच्या पत्रात तो लिहा. आणि एक आठवडा तिच्या शेजारी बसून ती मालिका बघा; तुम्हाला जे खटकेल ते तिथेच मोठ्यानं म्हणा, तिचंही ऐका.

प्रश्न: मुलं पळवणारी टोळी फिरतेय असा मेसेज मी चार गटांवर पाठवला. नातीनं मला सगळ्यांसमोर सुनावलं. मी चांगल्या हेतूनं पाठवला होता. माझं काय चुकलं?
– निवृत्त एसटी चालक, मिरज

उत्तर: अण्णा, नातीनं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. पण ती बरोबर आहे, आणि मी हे अनुभवानं सांगते.

ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्हीही पाहिलात. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या रात्रींपैकी एका रात्री माझ्याकडे मेसेज आला की धरणाचे दरवाजे आणखी उघडणार आहेत आणि बारा वाजेपर्यंत आमच्या रस्त्यावर पाणी येणार आहे. मी तो इमारतीच्या गटावर टाकला. तळमजल्यावरच्या काकू अंधारात सामान वर चढवायला लागल्या, जिन्यावर घसरल्या, मांडीचं हाड मोडलं. त्या रात्री पाणी आमच्या रस्त्यावर आलं नाही. मेसेज कुणी लिहिला होता हे आजपर्यंत कळलेलं नाही. काकूंनी मला कधी बोल लावला नाही, पण काठी टेकत येताना दिसल्या की मला तो जिना दिसतो.

मी नंतर पुष्कळ विचार केला, मला तो खरा का वाटला? कारण पाठवण्याआधी मी तो तीन वेगवेगळ्या गटांवर वाचला होता. १९७७ साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीनदा काही विधानं दिली आणि विचारलं, हे खरं वाटतं का? जी विधानं पुन्हा पुन्हा आली ती दर वेळी जास्त खरी वाटत गेली, मग ती खोटी का असेनात. ओळखीची झालेली गोष्ट आपल्याला खरी वाटते. चार गटांवर एकच मेसेज येतो तेव्हा आपल्याला चार साक्षीदार भेटल्यासारखं होतं. असतो एकच, आणि त्यालाही कुणी पाहिलेलं नसतं.

मुलं पळवण्याच्या मेसेजनं काय होतं ते आपल्याच जिल्ह्यात झालं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यात लवंगा इथे उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच निरपराध माणसांचा जीव गेला. त्यांना मारणाऱ्यांनाही आपण मुलांना वाचवतोय असंच वाटत होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. पण पाच घरंही पुष्कळ झाली.

तुम्ही आयुष्यभर गाडी चालवलीत. कंडक्टरची दोन घंट्यांची खूण मिळाल्याशिवाय तुम्ही गाडी हलवली नसेल, मागे कितीही गर्दी ओरडत असली तरी. इथेही तसंच करा. पहिली घंटी, ज्यानं मेसेज पाठवला त्याला फोन करून विचारायचं, 'तू स्वतः पाहिलंस का?' तो 'मलाही आलाय' म्हणाला तर तिथेच थांबा. दुसरी घंटी, पोलिस ठाणं किंवा ११२. दोन्ही मिळाल्या तर जरूर पाठवा. आणि त्या चार गटांवर आज लिहा की मी पाठवलेला तो मेसेज मी तपासला नव्हता. लिहायला जड जातं. मी सहा दिवस उशीर केला होता.

प्रश्न: मी बहात्तर वर्षांची आहे. शाळा दुसरीपर्यंत. सुटी अक्षरं कळतात, जोडाक्षर आलं की अडते. दिवसभर घरी एकटी असते, टीव्ही बघते, मोबाइलवर अभंग ऐकते. आता वाचायला शिकता येईल का? हे पत्र नातू लिहितो आहे.
– एक आजी, माण तालुका

उत्तर: येईल, आक्का. आणि ज्या टीव्ही-मोबाइलवर या पानांत एवढं लिहिलं गेलं, तोच तुम्हाला मदत करील.

अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून एक साधी गोष्ट लावून धरली. टीव्हीवर गाणं लागलं की खाली त्याच भाषेत गाण्याचे शब्द दाखवायचे, आणि जो शब्द गायला जातोय त्याचा रंग बदलत न्यायचा. माणसाला गाणं पाठ असतं, पुढचा शब्द काय येणार हे त्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे डोळे अक्षरांना आपोआप भेटतात. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत दीड दिवस गेले. मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं बघून ते अक्षरं जोडायला शिकले असं सांगतात, आणि पुढे केवढं लिहिलं त्यांनी!

नातवाला सांगा, तुम्हाला तोंडपाठ असलेले पाच अभंग मोठ्या टायपात छापून आण. मोबाइलवर अभंग लावायचा आणि कागदावर बोट ठेवून गाण्याबरोबर बोट पुढे न्यायचं. जोडाक्षर आलं तरी थांबू नका. तोंड तो शब्द म्हणणारच आहे, डोळ्यांनी तेवढा वेळ तो बघून घ्यायचा. रोज एकच अभंग, चार-पाच वेळा. मग आवाज बंद करून तोच कागद वाचा. आठ दिवसांनी नातवानं त्यातले शब्द वेगळ्या कागदावर उलटसुलट लिहून द्यायचे आणि तुम्ही ओळखायचे. हे महत्त्वाचं आहे, नाहीतर पाठ म्हणणं आणि वाचणं यांतला फरक कळत नाही. चुकलात तर त्यानं लगेच सांगायचं नाही. पाच आकडे मनात मोजायचे, मग सांगायचं. चष्म्याचा नंबर मात्र आधी तपासून घ्या.

दोन महिन्यांनी मला पुन्हा पत्र पाठवा. आतला मजकूर नातवानं लिहिला तरी चालेल, पाकिटावरचा पत्ता तुम्ही लिहा. त्यात 'सांगली' आहे, जोडाक्षर एकही नाही.